घरी घालायच्या सुती शॉर्ट्स: आसन नेमकं कसं बेतायचं?

गौरांगी

नमस्कार मंडळी,

यंदा उन्हाळ्यासाठी घरात आणि झोपताना घालायच्या सुती शॉर्ट्स मला स्वतः शिवायच्या आहेत. विकतच्या बऱ्याच घालून पाहिल्या. उभं असताना सगळ्या छान दिसतात. खाली बसून भाजी निवडायला घेतली की मागून कंबर उतरते, चालताना कापड मांड्यांच्या मध्ये गोळा होतं आणि रात्री कूस बदलली की आसनात, म्हणजे दोन मांड्यांच्या मधल्या शिवणीपाशी, काचतं. सकाळी कमरेवर इलास्टिकचा लाल वळ. खिसा असलाच तर त्यात धड किल्लीही राहत नाही.

माझ्याकडे आईची काळी पायमशीन आहे. परकर, अभ्रे, पिशव्या शिवते, सरळ टीप नीट येते. झिगझॅग नाही, कापडाच्या कडा बांधणारं इंटरलॉक नाही.

व्हिडिओंमध्ये बहुतेक जणी जुनी पँट घडी घालून कापडावर ठेवतात, कडेने आखतात आणि पुढचे-मागचे चारही भाग एकाच मापाचे कापतात. हे बरोबर आहे का? की मागचा भाग वेगळा बेतायचा असतो? आणि कापड कुठलं, किती घेऊ? सीट (नितंबांचा घेर) ४२ इंच, कंबर ३६. पाय निदान मांडीच्या मध्यापर्यंत हवा.

आपण आपल्या घरात असतो त्या वेळेत तरी अंगावरच्या कपड्याचा विसर पडला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून "घरातच तर घालायच्यात, कशाही शीव" हे उत्तर कृपया नको. :)

चाफेकळी

पॉपलीन घे. डोळे मिटून.

विदर्भकन्या

अगं, आमच्या अकोल्याला मे महिन्यात पॉपलीन घालून दाखव. पारा ४४-४५ वर गेला की घट्ट विणीचं कापड अंगाला चिकटतं. केंब्रिक नाहीतर मलमल. मी मलमलच वापरते.

चाफेकळी

मलमल वरच्या कुर्त्याला. शॉर्ट्सच्या आसनावर सगळा ताण येतो, उकिडवं बसलं की टर्रर्र. पुण्यात रविवार पेठेतल्या कापडगंजात एकदा पॉपलीन, केंब्रिक आणि मलमल शेजारी शेजारी हातात धरून बघ, फरक बोटांना कळेल.

टीपवाली

गौरांगी, कापडाचं नंतर बघू. तुझा पहिलाच प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर ठामपणे देते: चारही भाग सारखे कापायचे नाहीत. तू लिहिलेल्या तक्रारींपैकी इलास्टिकचा वळ आणि खिसा सोडला तर बाकी सगळं आसनाच्या कटिंगमधून येतं. कापड कितीही मऊ घे, आसन चुकलं की ते काचणारच.

कारण साधं आहे. आपलं शरीर पुढून जवळजवळ सपाट आणि मागून गोल. पुढच्या कमरेपासून मांड्यांच्या मधून मागच्या कमरेपर्यंत टेप नेली तर मागच्या बाजूला जास्त लांबी लागते. बसलं की ती आणखी लागते. चारही भाग सारखे कापले तर मागे कापड कमी पडतं, मग ते वरून खेचलं जातं, म्हणजे कंबर उतरते. आणि पुढे मात्र उगाच झोळ राहतो.

दोन मापं घे. एक, लाकडी खुर्चीवर ताठ बसून कमरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत, बाजूने. ही आसनाची खोली. गादीवर किंवा सोफ्यावर बसून घेऊ नकोस, माप खोटं येतं. कंबर नेमकी कुठे हे ठरवायला इलास्टिकचा तुकडा कमरेला बांध आणि थोडी वाकून सरळ हो, तो जिथे स्थिरावतो ती कंबर. दुसरं माप आसनाचं पूर्ण: पुढून मांड्यांच्या मधून मागे. हे फर्मा, म्हणजे कापायचा कागदी नमुना, तयार झाल्यावर ताडून बघायला लागेल.

आता तुझ्या ४२ सीटसाठी. खाकी कागदावर आख, कापडावर थेट नको.

पुढचा भाग: सीटचा चौथा हिस्सा साडेदहा, त्यात एक इंच सैलपणा, झाले साडेअकरा. आसनाच्या रेषेवर, म्हणजे कमरेपासून खोलीइतकं खाली आखलेल्या आडव्या रेघेवर, बाहेर अडीच इंच वाढव. ते आसनाचं टोक.

मागचा भाग: साडेदहा अधिक दीड, बारा इंच. आसनाचं टोक इथे पाच इंच. हो, पुढच्याच्या दुप्पट. मधली रेघ वर कमरेपाशी पाऊण इंच आत तिरपी घे आणि तिथेच दीड इंच वर चढव. बाजूच्या शिवणीकडे ती उंची उतरवत शून्यावर आण. हा दीड इंच म्हणजे बसल्यावर कंबर न उतरण्याची हमी.

खोली तुझं बसून घेतलेलं माप अधिक दीड इंच. घट्ट पँटला इतकी लागत नाही, झोपायच्या कपड्याला लागते. पायाची आतली उंची सहा इंच तरी ठेव. चार इंचांच्या शॉर्ट्सच मांड्यांत गोळा होतात, कारण धरून राहायला खाली कापडच नसतं. हे सगळं निव्वळ माप झालं. प्रत्येक शिवणीला चार सूत माया (शिवणीत जाणारं जादा कापड), वर नेफ्याला, म्हणजे इलास्टिकच्या दुमडीला, पावणेदोन इंच, खाली मोहरीला, म्हणजे पायाच्या खालच्या कडेला, दीड इंच वेगळं सोड.

नेफा दुमडायच्या आधी एकदा बघ, वरचा एकूण घेर सीटच्या मापापेक्षा दोन-तीन इंच जास्त आहे ना. नाहीतर शॉर्ट्स वर चढणारच नाहीत.

गौरांगी

टीपवाली ताई, हे मी वहीत उतरवून घेतलं! मागचं टोक पुढच्याच्या दुप्पट हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

मंदार_वाई

"सूत" म्हणजे सुतारकामातलंच ना? दोन सूत म्हणजे पाव इंच?

टीपवाली

तेच. इंचाचे आठ सूत. शिंपी आणि सुतार दोघांचं एकच.

सासवडचा_शिंपी

टीपवाली ताईंचं माप बरोबर आहे. पण एक वेगळा मार्ग सांगतो, कारण पायमशीनवर नव्याने शिवणाऱ्याला गोलाई पेलत नाही.

जुने लेंगे आणि पट्ट्यापट्ट्यांच्या नाडीच्या चड्ड्या आठवा. त्यात अशी गोलाई नसायची. पाय सरळ कापायचे, आणि आसनात एक चौकोनी तुकडा लावायचा. चार-पाच इंचांचा चौकोन, एक कोपरा पुढे, एक मागे, दोन मांड्यांकडे. असा लावला की तो आपोआप उरेबमध्ये, म्हणजे तिरप्या धाग्यात, बसतो आणि ताण आला की ताणतो. त्या लेंग्यावर माणसं शेतात दिवसभर उकिडवी बसायची, शिवण उसवायची नाही. कापड कमी वाया जातं हा वर फायदा.

टीपवाली

काका, चौकोनाने हालचाल मोकळी होते हे शंभर टक्के मान्य. पण बाईच्या अंगाला नुसता सरळ पाय आणि चौकोन दिला तर मागची उंची कुठून येणार? बसल्यावर कंबर उतरायची ती उतरतेच. शिवाय चौकोनाचे चार कोपरे टोकाशी नेमके शिवणं नव्या मुलीला गोलाईपेक्षा अवघड जातं. सुई कोपऱ्यावर रोवून कापड फिरवायचं, तिथे एक धागा जरी पुढे गेला तरी चुणी.

सासवडचा_शिंपी

मागच्या उंचीचं पटलं. मागची कंबर वर चढवायची आणि चौकोनही द्यायचा, असं दोन्ही करता येतं. ज्यांच्या मांड्या भरलेल्या आहेत त्यांनी नक्की करावं. माझ्याकडे येणाऱ्या बायका सलवारीचं आसन काचतं म्हणून येतात तेव्हा मी हेच करतो.

ऑस्टिनची_रेवती

काकांचा चौकोन मी योगाच्या पँटला लावलाय, फार छान बसतो.

इथे अमेरिकेत कागदी फर्मे विकत मिळतात, त्यात पुढचा-मागचा भाग वेगळाच असतो. फक्त एक लक्षात ठेवा, ज्या कुणी असे फर्मे मागवतील त्यांनी: अमेरिकन फर्म्यांत बहुधा पाच सूत माया आधीच धरलेली असते. बुर्डा या जर्मन शिवण-मासिकातल्या फर्म्यांत माया धरलेलीच नसते, ती आपण वाढवायची. न बघता कापलं तर एक माप लहान होतं.

२०२५ मध्ये जोआन या कापडाच्या मोठ्या साखळीची सगळी दुकानं बंद झाल्यापासून इथे कापड हाताने चाचपून घ्यायची सोयच कमी झाली आहे. त्यामुळे भारतात आले की बॅगेत निम्मं वजन कापडाचं असतं. दादरला हिंदमाताजवळ आणि काळबादेवीला मंगलदास मार्केटमध्ये माझी आई आता यायला नकार देते. :)

निर्मलामावशी

मुलींनो, मला एक सांगा, वयस्कर बायकांनी घातलं तर चालेल का असलं काही? मी अडुसष्ट वर्षांची आहे. इतकी वर्षं गाऊनच घातला. आता गुडघ्यांचे व्यायाम सांगितलेत, पाय वर उचलायचा तर गाऊन गोळा होतो. जिना उतरताना पायात येतो तो वेगळाच.

विदर्भकन्या

मावशी, न चालायला काय झालं? गुडघ्याच्या चार बोटं खाली येईल अशी शिवा. आसनाचं कटिंग तेच, पाय फक्त लांब.

केतकी_म्हापसा

मावशी, माझी आजी नऊवारीचा काष्टा घालून माडाच्या बागेत दिवसभर वावरायची, विहिरीचं पाणी ओढायची. दोन पाय मोकळे असणं आपल्या आज्यांना नवं नव्हतंच. गाऊन नंतर आला.

अनघा_ठाणे

आमच्याकडे सासूबाईंना माझ्या शॉर्ट्स आवडायच्या नाहीत, सरळ बोलून दाखवायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांना मी फुलाफुलांच्या केंब्रिकची पोटरीपर्यंतची शिवून दिली, खिशासकट. आता दुपारी तीच घालून पत्ते खेळायला बसतात आणि शेजारच्या काकूंसाठीही माप घेऊन आल्या.

निर्मलामावशी

अनघा, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. सुनेला विचारते आज.

इचलकरंजीकर

कापडाचा वाद अर्धवट राहिला, तो पुरा करतो. आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून गाव याच खटखटाटात जागं आहे. त्यामुळे राहवत नाही.

सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. पॉपलीन साधारण ४० नंबरच्या सुताचं, वीण घट्ट. केंब्रिक ६० च्या आसपास, वीण बऱ्यापैकी भरलेली पण सूत बारीक म्हणून हलकं. मलमल त्याहून बारीक आणि विरळ. तेव्हा चाफेकळी आणि विदर्भकन्या दोघींचं बरोबर आहे. रोजच्या वापराला, रोज धुवायला, मधला मार्ग केंब्रिक. कापड उजेडासमोर धरा. बोटं स्पष्ट दिसली तर ते आसनाला टिकणार नाही.

दुकानात कापड कडक लागलं तर त्यावर खळ आहे असं समजा. चुरगाळून पांढरी भुकटी पडते का बघा. खळ धुतल्यावर जाते आणि खाली राहील ते खरं कापड. काही वेळा ते फारच विरळ निघतं.

विदर्भकन्या

म्हणजे मी निम्मी जिंकले. :)

शिवण_शिकतेय

जुन्या सुती साडीच्या शिवल्या तर? आईच्या कितीतरी साड्या मऊ होऊन पडल्यात.

चाफेकळी

साडीचा पदर आणि निऱ्यांचा भाग बघून घे. बसायच्या जागी कापड विरलेलं असतं, तिथलं घेऊ नकोस. आणि आसनाला आतून त्याच साडीचा दुसरा थर लाव. पाळीच्या दिवसांतही तो थर कामाला येतो.

टीपवाली

साडीपेक्षा जुनी सुती चादर बरी. पन्हा (कापडाची रुंदी) मोठा, कापड मजबूत आणि आटायचं तेवढं आटून झालेलं. गौरांगी, तूही पहिली शॉर्ट्स जुन्या चादरीची शीव. फर्मा बरोबर आला की मगच नव्या कापडाला कात्री लाव.

कापड किती ते राहिलंच. तुझा मागचा भाग आसनाच्या रेषेवर मायेसकट अठरा इंच भरतो. ४४ पन्ह्याचं कापड दुहेरी केलं की बावीस. म्हणजे एका लांबीत मागचे दोन भाग, दुसऱ्या लांबीत पुढचे दोन. सव्वा मीटर घे, खिसेही निघतील. ३६ पन्ह्यात ४२ सीट अगदी काठावर बसते, नको. ५८ पन्हा असला आणि सीट ३५ पर्यंत असली तर पुढचा-मागचा भाग शेजारी शेजारी बसून पाऊण मीटरातही होतं, पण तुला तो हिशेब लागू नाही.

उभा धागा पायाच्या मधोमध सरळ खाली गेला पाहिजे. तुकडे बसवायच्या नादात भाग तिरपा ठेवला की धुतल्यावर पाय पिळतो.

इचलकरंजीकर

आणि धुतल्याशिवाय कापायचं नाही! नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटतं, तेही जास्त करून उभ्या धाग्यात. म्हणजे कुठे? आसनाच्या उंचीतच. रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा.

गौरांगी

सगळ्यांचे आभार. आता इलास्टिकबद्दल सांगा. तो लाल वळ माझ्या डोक्यातून जात नाही.

अनघा_ठाणे

इलास्टिक नकोच. नाडी. परकराला नाडी चालते तर याला का नाही?

चाफेकळी

झोपताना नाडीची गाठ पोटात रुतते गं. आणि रात्री बाथरूमला जायच्या घाईत गाठ पक्की बसली की संपलं.

फिजिओ_मुग्धा

मी बाळंतपणानंतरच्या बायकांना व्यायाम शिकवते, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

सिझेरियनचा आडवा छेद ओटीपोटाच्या अगदी खालच्या बाजूला असतो. हल्लीच्या खाली बसणाऱ्या कमरेच्या शॉर्ट्सचं इलास्टिक नेमकं तिथे किंवा त्याच्या जरा वर येतं. व्रण भरून आल्यावरही तिथली कातडी बराच काळ हुळहुळी राहते, काही जणींना कापडाचा स्पर्शही नको वाटतो. अशा बाईसाठी पुढची कंबर बेंबीपर्यंत तरी न्या. टीपवालींच्या मापात पुढची खोली इंच-दीड इंच वाढवली की होतं. नेफ्याचा पुढचा भाग सपाट ठेवा आणि इलास्टिक फक्त मागे, एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत. पोटावर नुसतं मऊ कापड येतं. हे सगळ्याच बायकांना सुखाचं आहे, सिझेरियन झालेलं असो वा नसो.

दुसरं, उन्हाळ्यात जांघेत नायटा होण्याच्या तक्रारी फार वाढतात. घट्ट आणि घाम न शोषणारे कपडे त्याला खतपाणी घालतात. सैल, सुती, रोज धुतलेलं आणि उन्हात कडकडीत वाळवलेलं घाला. दिवसभर घातलेल्याच शॉर्ट्सवर झोपू नका.

टीपवाली

मुग्धा, मागे इलास्टिक आणि पुढे सपाट, याला माझंही मत. एक इंच रुंदीचं घ्या. अर्ध्या इंचाचं सुतळीसारखं रुततं. दुकानात ताणून बघा, ताणल्यावर अरुंद होणारं असेल तर ते नेफ्यात गुंडाळी होऊन बसतं.

पूर्ण गोल घालायचं असेल तर कमरेच्या मापापेक्षा तीन-चार इंच कमी घ्या. टोकं एकावर एक इंचभर ठेवून चौकोनी टीप मारा. नेफ्यात मागच्या शिवणीपाशी दोन इंच उघडं ठेवून शेवटी हाताने टाका घाला, म्हणजे इलास्टिक सैल पडलं की बदलता येतं. इलास्टिक आधी मरतं, कापड नंतर. आणि बाजूच्या शिवणीवर, मधल्या शिवणीवर नेफ्यातून उभी टीप मारली की इलास्टिक आत फिरत नाही.

मंदार_वाई

खिसा! कुणीतरी खिशाचं बोला. बायको म्हणते फोन ठेवला की एका बाजूने शॉर्ट्स खाली येतात.

सासवडचा_शिंपी

खिशाची पिशवी वर नेफ्यात अडकवा. बाजूच्या शिवणीत लोंबता खिसा केला की फोनचं सगळं वजन त्या शिवणीवर येतं आणि पायाचं कापड ओढलं जातं. पिशवी उंच कापून तिची वरची कड नेफ्याच्या दुमडीत शिवली की वजन कमरेवर जातं. खिशाचं तोंड सहा इंच ठेवा, हात सहज गेला पाहिजे. बायकांच्या कपड्यात चार इंचांचं तोंड का ठेवतात ते मला आजवर कळलं नाही.

अनघा_ठाणे

काका, या एका वाक्यासाठी तुम्हाला चहा.

शिवण_शिकतेय

इंटरलॉक नसेल तर आतल्या कडा सुटणार नाहीत का? मशीनवाल्याकडे देऊन आणायच्या?

केतकी_म्हापसा

नाही द्यायची गरज. आधी कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून, म्हणजे सुलट बाजू बाहेर ठेवून, दोन सुतांवर टीप मार. कडा कातरून बारीक कर, उलटवून पुन्हा दोन सुतांवर टीप. कड आत बंद. माया चारच सूत लागते. बाजूच्या आणि पायाच्या आतल्या शिवणीला सुंदर होतं.

टीपवाली

पण केतकी, आसनाच्या गोलाईला ही दुहेरी शिवण नको. तिथे ती जाड होते आणि नेमकी तीच काचते.

आसन असं शीव, गौरांगी. आधी दोन्ही पाय वेगवेगळे पुरे कर, म्हणजे बाजूची आणि आतली शिवण. एक पाय सुलट कर, दुसरा उलटाच ठेव. सुलट पाय उलट्या पायाच्या आत सरकव. आता दोघांच्या सुलट बाजू एकमेकींसमोर आल्या आणि आसनाची गोलाई एका सलग रेघेत तुझ्यासमोर आली. पायाच्या आतल्या दोन्ही शिवणी एकमेकींवर जुळव, तिथे पहिली टाचणी. मग पुढची कंबर, मागची कंबर. पुढून मागे एकच टीप. तिच्यावरच पुन्हा दुसरी टीप, कारण ही शिवण सगळ्यात जास्त ताण खाते. खालच्या गोल भागाची माया कातरून दोन सुतांवर आण, मग तिच्यावर उरेब पट्टी दुमडून शीव नाहीतर हाताने टाके घाल. ही माया इस्त्रीने दोन्हीकडे पसरायची नाही, उभीच राहू दे. पसरली की मांडीला टोचते.

गौरांगी

रविवारी जुन्या निळ्या चादरीची शिवून पाहिली! मागची बाजू अप्रतिम. पाटावर बसले, उठले, उकिडवी बसले, कंबर जागची हलली नाही. आरशासमोर मागे वळून बघत होते तर लेक विचारते, "आई, नाचतेयस का?"

एक अडचण मात्र आहे. पुढे आसनाच्या टोकापासून दोन्ही बाजूंना वर तिरप्या सुरकुत्या पडतात. मांजराच्या मिशांसारख्या. चालताना तिथेच किंचित ओढ लागते. कंबरेला नाही, अगदी मांडीच्या आतल्या बाजूला.

सासवडचा_शिंपी

पुढचं टोक कमी पडतंय. अडीचचं तीन करा.

अनघा_ठाणे

की आसन वर आलंय? खोली वाढवून बघ ना.

टीपवाली

अनघा, खोली कमी असती तर उभं राहिल्यावरच आसनाला खालून टोचलं असतं आणि ओढ सरळ वर कमरेकडे लागली असती. गौरांगी म्हणतेय ओढ आडवी आहे, मांडीकडे. म्हणजे काकांचं निदान बरोबर, मांडीला पुढून कापड कमी आहे. ज्यांच्या मांड्या पुढून भरलेल्या असतात त्यांना अडीच पुरत नाही.

गौरांगी, चादरीच्या शॉर्ट्सवरच तपास. पायाची आतली शिवण आसनापासून खाली तीन-चार इंच उसव. पुढच्या भागाची माया फक्त दोन सूत आत धरून पुन्हा शीव, मागच्या भागाची होती तेवढीच राहू दे. मिशा बऱ्याचशा कमी झाल्या तर फर्म्यावर पुढचं टोक चार सूत वाढव आणि पायाच्या आतल्या रेघेत खाली मोहरीपर्यंत उतरवत ने. मिशा जराही हलल्या नाहीत तर गोलाई उथळ आहे. तेव्हा आसनाची टीप गोलाईच्या तळाशी दोन सूत खालून मार, आणि जुनी माया कात्रीने काढून टाक. ती काढल्याशिवाय फरक अंगाला जाणवत नाही, कारण जुनीच कड काचत राहते.

गौरांगी

पहिला उपाय लागू पडला! पुढची माया दोन सूत धरली आणि मिशा जवळजवळ गेल्या. फर्म्यावर टोक तीन इंच केलं. काका, टीपवाली ताई, दोघांनाही मनापासून धन्यवाद. केंब्रिक सव्वा मीटर आणलंय, गर्द जांभळ्यावर पांढरी बुट्टी. बादलीत भिजतंय.

इलास्टिक मागेच घालणार. माझा मागचा नेफा साधारण साडेबावीस इंच भरतो आणि पुढचा तेवीस. मागे इलास्टिक किती घेऊ?

टीपवाली

पुढचे तेवीस सपाट राहणार. कंबर ३६, म्हणजे मागे उरले तेरा. ताण हवा म्हणून त्यातून एक वजा, बारा इंच. टोकांना बाजूच्या शिवणीत धरायला अर्धा-अर्धा इंच वेगळा, एकूण तेरा कापून घे. पण साडेबावीसचं कापड बारा इंचांत गोळा होईल, मागे चुण्या दाट येतील. पाठीवर झोपणारी असशील तर त्या टोचतील. तसं असेल तर पुढेही बाजूच्या शिवणीपासून तीन-तीन इंच इलास्टिक ने, मधले सतराच सपाट ठेव. मग इलास्टिक अठरा इंच आणि टोकांचा एक, म्हणजे एकोणीस कापायचं. चुण्या पसरतात.

गौरांगी

पाठीवरच झोपते. दुसरी पद्धत.

निर्मलामावशी

सुनेने हा धागा वाचून माझी मापं घेतली. तिचं एक विचारणं आहे: गुडघ्याखाली न्यायची तर मोहरी किती ठेवायची? मला पाय छातीकडे घ्यायचा व्यायाम आहे.

सासवडचा_शिंपी

मावशी, खुर्चीवर बसून गुडघा पूर्ण वाकवा आणि गुडघ्यावरून घेर मोजायला सांगा. उभ्याने मोजू नका, वाकवल्यावर तो वाढतो. त्यात चार इंच मिळवा, ती मोहरी. आणि बाजूच्या शिवणीला खालून तीन इंच चीर ठेवा.